कोथरूड ते ससून, दीड लिटर आमटी

दवाखान्यात कुणी दाखल असलं की पुण्यात डबा जातोच, आणि डब्यात एक तरी पातळ पदार्थ असतोच. पोळी-भाजी कशीही गेली तरी खाता येते. आमटी, सार, पेज, रस्सा यांचं तसं नसतं. अर्धी वाटी गळली की पोळ्या, पिशवी, रुग्णाची फाइल आणि स्कूटरची डिकी एकाच वासाची होते, वर हळदीचा डाग राहतो तो वेगळाच. इथे लिहिली आहे ती एका नेहमीच्या खेपेची रीत: कोथरूडहून ससून रुग्णालयात, दीड लिटर आमटी आणि अर्धा लिटर सूप, स्कूटरवरून. सात-आठ किलोमीटर, गर्दीच्या वेळी पाऊण तास धरायचा. वाहन किंवा पदार्थ बदलला की काय बदलतं, तेही ओघात येईल.

पहिला प्रश्न भांड्याचा. ज्या पातेल्यात आमटी केली तेच ताटलीनं झाकून, फडक्यात बांधून न्यावं असा मोह होतो. असं पातेलं जिन्याखाली पोचेपर्यंतच ओलं झालेलं असतं. वीस सेंटिमीटर तोंडाच्या पातेल्यातलं पातळ सेकंदाला साधारण दोनदा हेलकावतं, आणि माणूस चालतोही सेकंदाला साधारण दोन पावलं. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका द्यावा तसं प्रत्येक पाऊल त्या हेलकाव्यात भर घालतं, आणि आठ-दहा पावलांत आमटी काठाला लागते. दहा सेंटिमीटर व्यासाच्या डब्यात हाच हेलकावा सेकंदाला तीनच्या घरात जातो, पावलाशी त्याचा मेळ बसत नाही आणि तो वाढत नाही. म्हणून दीड लिटरसाठी एक पसरट डबा घेऊ नये. दहा सेंटिमीटर व्यासाचा, अकरा सेंटिमीटर उंचीचा डबा वर एक सेंटिमीटर सोडून पावणेआठशे मिलिलिटर घेतो. असे दोन घेतले की हिशेब नेमका बसतो. शिवाय एक डबा दगा देऊन गेला तरी दुसऱ्यातली आमटी पोचते.

कडीचा, एकावर एक कप्पे बसणारा टिफिन पातळ पदार्थांसाठी बनलेलाच नाही. वरच्या कप्प्याचं बूड हेच खालच्याचं झाकण, मध्ये रबर नाही, केवळ धातूवर धातू. आतली वेगळी झाकणं असतील तरी ती वाफ अडवण्यापुरती असतात. तोच टिफिन न्यायचा असेल तर पातळ पदार्थ सगळ्यात खाली ठेवायचा. गळलं तर पिशवीत गळेल, पोळ्यांवर नाही. वजन खाली राहिल्यानं टिफिन कलंडतही नाही. पुष्कळ घरांत सवयीनं भात खाली आणि आमटी वर असते. ती सवय मोडावी.

आम्ही वापरतो ते स्टीलचे चार क्लिपांचे डबे, झाकणाच्या खाचेत सिलिकॉनचं रबर बसणारे. क्लिप चार असाव्यात, कारण दोन क्लिपांच्या झाकणाची मधली बाजू दाबाखाली थोडी उचलते आणि गळती नेमकी तिथून होते. विकत घेताना झाकण उघडून रबर काढता येतं का ते पाहावं. न निघणाऱ्या रबराखाली आमटीचा थर बसतो, त्याला आठ दिवसांत वास येतो. काळं साधं रबर तेलानं फुगतं, मग खाचेत मावत नाही आणि एका जागी लाट उभी राहते. सिलिकॉन त्या मानानं टिकतं. रबर हरवलं किंवा सैल झालं तर तुळशीबागेत किंवा कुकरदुरुस्तीच्या दुकानात झाकण सोबत घेऊन जायचं. तोंडी माप सांगून आणलेलं रबर कधी बसत नाही.

नव्या डब्याची परीक्षा गार पाण्यानं घेऊन उपयोग नाही, त्यात जवळजवळ सगळे डबे पास होतात. हाताला सोसणार नाही इतकं गरम पाणी भरायचं, उकळतं नको. झाकण लावून पाच मिनिटं थांबायचं, मग झाकणाभोवती कोरडा कागदी रुमाल गुंडाळून, हातात फडकं घेऊन मोरीत डबा पाच मिनिटं उलटा धरायचा. रुमाल एका ठिकाणी ओला झाला तर रबर उलटं घालून पुन्हा बघायचं. तरीही ओला झाला तर तो डबा शेंगदाण्यांना द्यावा. लग्नात आहेर म्हणून आलेला डबा या परीक्षेशिवाय आमटीला कधीही वापरू नये.

आंबटाचा विचार धातू निवडताना करायचा. चिंच, आमसूल, टोमॅटो किंवा ताक असलेलं काहीही अॅल्युमिनियमच्या डब्यात तासभरही ठेवू नये, धातू खाल्ला जातो आणि चव कळकते. पितळेचं किंवा तांब्याचं भांडं असेल तर आतून कल्हई धड असायला हवी. तांबट आळीतून आणलेलं सुंदर भांडं दाखवायला नेण्याचा मोह दवाखान्याच्या खेपेत आवरावा.

आता मुख्य भाग, वाफेचा. डबे फुटतात, झाकणं उडतात, क्लिप सुटतात, आणि दोष खड्ड्यांना दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा ओट्यावरच घडून गेलेलं असतं. नव्वद अंशांची आमटी गार डब्यात अर्ध्यापर्यंत ओतली आणि लगेच झाकण दाबलं, की वरच्या मोकळ्या जागेत गार हवा कोंडली जाते. डबा हलला की आमटी त्या हवेत उडते, हवा तापते आणि वाफेनं भरते. तापलेल्या हवेचा आणि वाफेचा दाब मिळून बाहेरच्या दाबाच्या दीडपटीवर जाऊ शकतो. दहा सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर अर्ध्या वातावरणाचा जादा दाब म्हणजे जवळजवळ चाळीस किलोंचा रेटा. प्लास्टिकच्या क्लिपा त्याच्या कितीतरी आधी हार मानतात. पहिल्या गतिरोधकावर झाकण उचलतं ते धक्क्यानं जितकं, तितकंच आतल्या वाफेनं.

यावर उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. आमटीला शेवटची उकळी आली की पुण्यात तिचं तापमान ९८ अंशांच्या आसपास असतं, कारण शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. गॅस बंद करायच्या पाच मिनिटं आधी दोन्ही डबे आणि झाकणं उकळत्या पाण्यानं भरून ठेवायची. गॅस बंद केला की डब्यातलं पाणी ओतून टाकायचं, आमटी काठापासून एक सेंटिमीटर सोडून भरायची आणि झाकण नुसतं वर ठेवायचं, क्लिपा उघड्या. तीन मिनिटं. या वेळात निघणारी वाफ वरची हवा बाहेर ढकलते. मग चारही क्लिपा, समोरासमोरच्या जोडीनं लावायच्या. एका बाजूनं ओळीनं लावल्या तर झाकण तिरकं बसतं. डबा आधीच तापलेला, आत हवा जवळजवळ नाही, त्यामुळे यापुढे आतला दाब वाढण्याऐवजी हळूहळू उतरतो आणि झाकण उलट घट्ट ओढलं जातं. हीच रीत थर्मासलाही लागू आहे. गरम सूप भरून थर्मास हलवला आणि उघडल्यावर तोंडावर उडाला, त्याचं कारण हेच.

काठापासून एक सेंटिमीटर हे माप फार जणांना पटत नाही. रिकामी जागा ठेवली की सांडायला वाव मिळत नाही असं वाटतं, घडतं उलट. अर्ध्या भरलेल्या डब्यातली आमटी धाव घेऊन झाकणावर आपटते, काठोकाठ भरलेलीला धावायला जागाच नसते. म्हणून आमटी कमी असेल तर डबा लहान घ्यावा. मोठ्या डब्यात थोडी आमटी नेणं भाग असेल तर वर केळीच्या पानाचा डब्याच्या मापानं कापलेला गोल तुकडा तरंगत ठेवावा. पाण्याच्या हंड्यात पान टाकून चालायची जुनी रीत याच कामाची आहे. पृष्ठभागाची हालचाल मरते, आणि आमटीवरची थोडी तेलकट साय पानाला चिकटते.

तेलावरून तर्री आठवते. रस्सा, मिसळीचा कट किंवा सॅम्पल न्यायचं असेल तर वर तरंगणारं लाल तेल वेगळं काढून एका स्क्रू झाकणाच्या लहान काचेच्या बाटलीत न्यावं. पाण्याला जी फट पुरत नाही ती तेलाला पुरते, ते रबराच्या कडेनं सरकत बाहेर येतं. गळालेल्या डब्याभोवती बघितलं तर आधी लाल कडं दिसतं, आमटी मागाहून. रस्सा गार होऊ द्यायला वेळ असेल तर तर्री चमच्यानं अलगद उचलता येते. नसेल तर पळीची कड बुडवून काढायची. पोचल्यावर वाढताना वरून सोडली की रंग आणि चव तशीच. फरसाण, शेव, कांदा अर्थात वेगळे.

पातळ पदार्थ न्यायचा नाहीच, ही दुसरी मोठी युक्ती. म्हणजे घट्ट न्यायचा आणि तिथे पातळ करायचा. चौघांना लिटरभर आमटी लागणार असेल तर सहाशे मिलिलिटर घट्ट आमटी डब्यात आणि चारशे मिलिलिटर उकळतं पाणी थर्मासमध्ये. मीठ, गूळ, आमसूल पूर्ण लिटरच्या हिशेबानं घट्ट आमटीतच घालायचं. तिथे पोचून दोन्ही एकत्र करून ढवळलं की झालं. घट्ट पदार्थ मुळात कमी हेलकावतो, गळलाच तर कमी गळतो, आणि थर्मासमधलं पाणी सांडलं तर ते फक्त पाणी असतं. तुरीच्या डाळीच्या आमटीला, वरणाला, मुगाच्या कढणाला, टोमॅटो सूपला हे चालतं. कटाच्या आमटीला आम्ही नाही करत, ती पातळच मुरते आणि वरून पाणी घातल्यावर मसाला वेगळा लागतो.

पदार्थ वाटेत बदलतात, हे ध्यानात ठेवावं. वरण आणि पिठलं गार होताना आवळतात. ताजं खायचं पिठलं वाटीभर बेसनाला तीन वाट्या पाणी घालून करत असाल तर तासाभरानं खायच्या पिठल्याला साडेतीन वाट्या घालावं. चकोल्या वरणात घालून नेल्या तर पोचेपर्यंत वरण पिऊन टाकतात आणि लगदा होतो. वरण वेगळं नेता आलं तर बरं, नाहीतर चकोल्या थोड्या कच्च्यातच उतरवाव्यात. कढी सगळ्यात नाजूक. बेसन पुरेसं नसेल तर हेलकाव्यानं नव्हे, तिथे पुन्हा उकळल्यानं फुटते. अर्धा लिटर दह्याला दोन मोठे चमचे बेसन, आणि तिथे गरम करताना ढवळत राहायचं, उकळी येऊ द्यायची नाही. सोलकढी गारच न्यावी, बाटलीत, नारळाचं दूध आणि आगळ घरीच एकत्र करून. गरम डब्यांजवळ मात्र ठेवू नये.

पायाच्या सूपाची गंमत वेगळी. पाय नीट शिजले असतील तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर सूप थिजून थरथरत्या वडीसारखं होतं, आणि मग ते पातळ पदार्थच राहत नाही. वरची चरबी काढून, थिजलेलं तसंच डब्यात घेऊन, बर्फाच्या पिशवीसोबत न्यायचं आणि तिथे उकळायचं. एक थेंब सांडत नाही. मटणाचं अळणी पाणी हाडं भरपूर असतील तर असंच थिजतं, पातळ असेल तर नाही. अर्थात वॉर्डात गॅस नसतो, त्यामुळे ही युक्ती नातेवाइकांच्या घरी नेण्यापुरती. मुंबईला किंवा त्याहून लांब जायचं असेल तर आमटी चक्क गोठवून न्यावी. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, म्हणून इथे काठापासून दोन बोटं जागा सोडायची, वरच्या एका सेंटिमीटरच्या नियमाच्या बरोबर उलट. बटाटा घातलेला रस्सा गोठवू नये, बटाटा स्पंजसारखा होतो.

दवाखान्याच्या खेपेत सूप थर्मासमध्येच जातं, रुंद तोंडाच्या, अर्ध्या लिटरच्या. दहा मिनिटं उकळत्या पाण्यानं तापवलेला थर्मास आणि न तापवलेला थर्मास यांत तीन-चार तासांनी फरक स्पष्ट कळतो. हे तापमान चवीपुरतं नाही. साठ अंशांच्या वर आणि पाच अंशांच्या खाली अन्न सुरक्षित राहतं, मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात, आणि झाकणबंद कोमट डबा ही त्यांची आवडती जागा. डाळ-भातात असे जंतू असतात ज्यांचे बीजाणू उकळल्यानं मरत नाहीत. भातात वाढणाऱ्या एका प्रकारचं विष तर पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून भाताची पेज कोमट अवस्थेत तीन-चार तास घेऊन फिरू नये. एकतर वाफाळती थर्मासमध्ये, नाहीतर गॅसवरून उतरवल्यापासून दोन तासांच्या आत संपवायची आणि उरलेली टाकून द्यायची. ती टाकताना जीवावर येतं, पण रुग्णाच्या पोटापेक्षा ती महाग नाही. टोचून बघायचा स्वयंपाकाचा थर्मामीटर काही शे रुपयांत येतो. आपला थर्मास चार तासांनी किती अंशांवर असतो ते एकदा मोजून ठेवलं की रोज अंदाज बांधावा लागत नाही. रुग्णाला किती मीठ, किती तेल आणि मुळात काय चालतं हे आधी डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारलेलं असावं. एका वेळी दीडशे ते दोनशे मिलिलिटर पुरतं, त्यामुळे अर्ध्या लिटरचा थर्मास म्हणजे दोन वेळा आणि थोडं बरोबर बसणाऱ्या माणसासाठी.

डबे भरले, आता गाठोडं. डबा सुती पंचाच्या मधोमध ठेवायचा, समोरासमोरची टोकं झाकणावर ओढून घट्ट गाठ, मग उरलेल्या दोन टोकांची त्यावर दुसरी गाठ. गाठ झाकण खाली दाबते, कापड पहिले थेंब शोषतं, आणि गाठ धरून डबा उचलता येतो, हात पोळत नाही. दोन गाठोडी शेजारी ठेवून त्यांच्याभोवती वर्तमानपत्राचे आठ-दहा कागद गुंडाळले की ऊब टिकते. कागद बाहेरच राहू दे, छापील शाई अन्नाला लागू नये. हे सगळं चौकोनी बुडाच्या जाड कापडी पिशवीत, थर्मास मध्ये उभा, पोळ्यांचा डबा एका बाजूला पाचर म्हणून. पिशवी हलवली तर आत काहीही हलता कामा नये. हललं तर नॅपकिन कोंबायचा. प्लास्टिकच्या पिशवीत गरम रस्सा ओतून रबर बँड लावायची जुनी पद्धत सोडून द्यावी. गरम तेलकट पदार्थाला ती पिशवी योग्य नाही, आणि महाराष्ट्रात २०१८ पासून तशा पिशव्यांवर बंदीही आहे. मिसळीचं पार्सल आणायला आपली स्टीलची बरणी नेली की दुकानदार नाही म्हणत नाही, उलट सॅम्पल थोडं जास्तच पडतं.

रबराचा डबा हाताशी नसेल आणि पातेलंच न्यावं लागणार असेल तर कणीक कामाला येते. चोवीस सेंटिमीटरच्या पातेल्याला शंभर ग्रॅम कणकेची घट्ट वळी पुरते. ती काठावर गोल बसवून वर ताटली दाबायची आणि पंचानं बांधायचं. पातेलं गरम असल्यानं कणीक तासाभरात वाळून तडकते, तोवर पोचायचं. कुकर हा आणखी एक चांगला वाहक, घरात असतोच आणि रबर असतं. दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही, शिटी लावून न्यायचा, आणि तिथे दाब पूर्ण उतरल्याशिवाय उघडायचा नाही.

स्कूटरवर जागा तीन. हुक, डिकी आणि पायाशी. नुसतं हुकाला लटकवणं वाईट, खरं तर लटकलेली वस्तू सांडायला नको. चहावाल्याच्या हातातली किटली किंवा तारेच्या स्टँडमधले ग्लास सांडत नाहीत, कारण ते मोकळे झुलतात आणि पातळाची पातळी भांड्यासोबत कलते. स्कूटरच्या हुकाला पिशवी मोकळी झुलत नाही, गुडघ्याला आणि पुढच्या पॅनेलला आपटते, आणि प्रत्येक आपटीत आमटी उसळते. डिकीत ऊब राहते, पण तळ सपाट नसतो, डबा तिरका बसतो, आणि सीट बंद करताना झाकणावर दाब आला तर क्लिप सुटते. थर्मास डिकीत आडवा टाकायला हरकत नाही, बाकी काही नको. उत्तम जागा पायाशी, फूटबोर्डवर. खाली घट्ट पिळलेला ओला नॅपकिन दुमडून, त्यावर पिशवीचं बूड टेकवायचं, आणि बंद फक्त आधारापुरते हुकात. वजन बोर्डावर, हुकाचं काम पिशवी न कलंडू देणं एवढंच. पाय ठेवायला दोन्ही बाजूंना जागा राहिली पाहिजे. नसेल तर एक डबा मागे बसणाऱ्याच्या हातात, मांडीवर मात्र नाही.

चालवताना एक गोष्ट लोक उलटी धरतात. वळणाला घाबरतात. दुचाकी वळणावर कलते तेव्हा आमटीही तिच्याबरोबर कलते, डब्याच्या दृष्टीनं ती सपाटच असते. त्यामुळे सावकाश, नीट कलून घेतलेल्या वळणावर थेंबही हलत नाही. मोटारीत तसं होत नाही, मोटार कलत नाही आणि आमटी बाहेरच्या बाजूला चढते. दुचाकीवर आमटी उसळते ती ब्रेकनं आणि उभ्या धक्क्यानं. म्हणून पुढच्या वाहनापासून एरवीच्या दुप्पट अंतर, सिग्नल लांबूनच बघून अॅक्सिलरेटर सोडायचा. गतिरोधकाच्या आधी वेग उतरवून घ्यायचा आणि चाक चढताना ब्रेक सुटा हवा. ब्रेक दाबलेला असेल तर पुढचा सस्पेन्शन आधीच बसलेला असतो आणि धक्का सरळ डब्यात जातो. सोसायट्यांच्या दारांसमोरचे हौशी, उंच, न रंगवलेले गतिरोधक सगळ्यात वाईट. त्यांच्यासाठी गल्ल्या टाळून कर्वे रस्ता, डेक्कन, शनिवारवाडा, मालधक्का असं मोठ्या रस्त्यानं जावं, मिनिटं चार जास्त लागली तरी. पुलांचे सांधेही जाणवतात. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल बंद होतो आणि बाकीचे पूल तुंबतात. त्या दिवशी निघायची वेळ अर्धा तास अलीकडे घ्यायची किंवा सगळंच थर्मासमध्ये भरायचं.

मोटारीत डबे सीटवर ठेवू नयेत, सीट मागे उतरती असते आणि ब्रेक लागला की डबा पुढे झेपावतो. पुढच्या सीटच्या पायाशी, बादलीत, भोवती टॉवेल कोंबून. रिक्षात आणि पीएमपीच्या बसमध्ये गाठ धरून हातात लटकवत, किंवा दोन पावलांच्या मध्ये जमिनीवर. बसमध्ये उभं राहावं लागणार असेल तर गरम डबा नेऊच नये. स्वतः भाजण्याचा प्रश्न आहेच, समोर बसलेल्याचाही आहे.

वॉर्डात पोचल्यावर झाकण निघत नाही, अशी तक्रार नेहमी येते. नीट भरलेल्या डब्याचं तसंच होतं, आतली वाफ गार होऊन झाकण आत ओढलं गेलेलं असतं. जोर लावून खेचलं की ते एकदम सुटतं आणि पाऊण तास जपलेली आमटी चादरीवर जाते. क्लिपा सोडून रबराच्या कडेत चमच्याची दांडी अलगद घालायची. 'फस्स' आवाज आला की हवा आत गेली, झाकण आपण होऊन निघतं. डबा सपाट जागी, स्टुलावर, पलंगावर नव्हे. थर्मास आधी अर्धा फेरा उघडून थांबायचं. वाढायला लहान ओगराळं किंवा खोल डाव घरूनच न्यावा, डब्यातून वाटीत ओतायला गेलं की शेवटचे दोन थेंब बाहेरच्या बाजूनं ओघळतातच.

मोठ्या प्रमाणात न्यायचं असेल तर हिशेब बदलतो. आषाढी वारीला निघालेल्या ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्काम करतात, भवानी पेठेत आणि नाना पेठेत, आणि वारकऱ्यांसाठी घराघरांतून पिठलं, आमटी, भात निघतो. पेठांतले रस्ते त्या दिवशी वाहनांना बंद असतात, शेवटचं अंतर हातानंच. वीस लिटर आमटी म्हणजे भांड्यासकट पंचवीस किलोंच्या आसपास. दूधवाल्याच्या असतात तशा, अरुंद गळ्याच्या आणि घट्ट झाकणाच्या दहा-दहा लिटरच्या दोन स्टीलच्या किटल्या घ्याव्यात. अॅल्युमिनियमच्या किटल्या दुधाला ठीक, आमसुलाच्या आमटीला नाहीत. गळ्यापर्यंत भरायचं, कारण गळा अरुंद असल्यानं तिथे हेलकावा मरतो. दोघांनी एक किटली धरायची, एकाच बाजूचा पाय एकाच वेळी टाकू नये. कवायतीसारखी पावलं जुळली की किटली झोके घेते. वीस लिटर आमटी आपण होऊन गार व्हायला अनेक तास लागतात आणि त्यातला बराच वेळ ती धोक्याच्या पट्ट्यात असते. म्हणून आदल्या रात्री करून ठेवू नये. पहाटे करावी, वाफाळती न्यावी, आणि वाढून संपवावी.

परतीची खेप सोपी असते. दवाखान्यातून डबा नुसता विसळूनच घेऊन यायचा. हाच डबा कुणा नातेवाइकांच्या घरून परत येणार असेल तर ते तो रिकामा देणार नाहीत, निदान चिमूटभर साखर घालतील. तेव्हा उघडताना बेसिनवर उपडा करू नये. घरी आल्यावर रबर खाचेतून काढायचं, साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचं, आणि पूर्ण वाळेपर्यंत झाकणापासून वेगळं ठेवायचं. उन्हात नको, पंख्याखाली. सिलिकॉनला लसणाचा वास राहिला असेल तर पाण्यात खायचा सोडा घालून रात्रभर बुडवायचं. डब्याचं झाकण उघडं ठेवूनच डबा कपाटात जातो, रबर सकाळी घालायचं, आणि घालताना एकदा बोट फिरवून बघायचं की ते सगळीकडून सारखं बसलं आहे.